मित्सुदांची चाचणी आणि मित्सुदांचं बेट

प्रश्न एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा आहे. कुष्ठरोगाच्या धड्यात ‘मित्सुदा प्रतिक्रिया’ एका ओळीत येऊन जाते. त्याने नाव शोधलं तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. या डॉक्टरला जपान सरकारने १९५१ मध्ये संस्कृती सन्मान दिला होता. आणि ज्या सक्तीच्या विलगीकरणाचा त्याने जन्मभर पाठपुरावा केला, ते धोरण २००१ मध्ये जपानच्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. विद्यार्थी विचारतो: त्या काळी औषधच नव्हतं, तर या डॉक्टरांपुढे दुसरा मार्ग होता का? आज बसून त्यांना नावं ठेवणं सोपं नाही का?

विदर्भात कुष्ठरोगाच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा उत्तर थोडं लांबणार. पण मुद्दा आधीच सांगून टाकतो. दुसरा मार्ग होता. त्याच देशात, त्याच दशकांत, हाताशी तीच तुटपुंजी औषधं असताना एका डॉक्टरने तो वर्षानुवर्षं चालवून दाखवला. आणि मित्सुदांबद्दल मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की त्यांच्या धोरणाविरुद्धचा पुरावा त्यांनी स्वतःच शोधलेल्या चाचणीत होता.

थोडी पार्श्वभूमी. हान्सेनने नॉर्वेत १८७३ मध्ये जंतू पाहिला. १८९७ ला बर्लिनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेत ‘हा सांसर्गिक रोग आहे आणि विलगीकरण हाच उपाय’ असं ठरलं. नॉर्वेची पद्धत आदर्श म्हणून पुढे आली, पण नॉर्वेत रुग्णाला घरी वेगळी खोली देता येत असेल तर घरीच राहण्याची मुभा होती. परिषदांच्या ठरावांमधून हा तपशील बहुतेक देशांत पोचलाच नाही, किंवा पोचला आणि सोयीने बाजूला ठेवला गेला.

जपानमध्ये त्याच सुमारास दुसरीच एक अडचण होती. १८९९ पासून परदेशी लोकांना देशात कुठेही राहण्या-फिरण्याची मोकळीक मिळाली. देवळांच्या पायऱ्यांवर बसलेले कुष्ठरुग्ण त्यांच्या नजरेस पडू लागले. कुमामोतोच्या होनम्योजी मंदिराच्या वाटेवरचे रुग्ण पाहून हॅना रिडेल या इंग्रज बाईंनी १८९५ मध्ये तिथे रुग्णालय काढलं. त्याआधी १८८९ मध्ये फ्रेंच कॅथलिक पाद्र्यांनी गोतेम्बाजवळ एक सुरू केलं होतं. प्रगत राष्ट्रांच्या पंक्तीला बसायला निघालेल्या सरकारला ही गोष्ट झोंबली: आपले रुग्ण आणि सांभाळणार परके. १९०० च्या पाहणीत देशात सुमारे ३० हजार रुग्ण नोंदले गेले. १९०७ मध्ये कायदा आला आणि १९०९ मध्ये पाच प्रांतिक रुग्णालयं उघडली. सगळी मिळून जागा हजार-अकराशेच्या आसपास. कायद्याचा रोख होता तो बेघर, भटक्या रुग्णांवर.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. हिंदुस्थानातला १८९८ चा कायदाही भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णांसाठीच होता आणि मुंबईत माटुंग्याला १८९० मध्ये आयुक्त अ‍ॅक्वर्थ यांनी उभारलेला आश्रमही रस्त्यावरच्या बेघर रुग्णांसाठी. म्हणजे सुरुवातीला जपान काही जगावेगळं करत नव्हता. फरक पुढे पडत गेला.

औषधाचं म्हणाल तर अगदीच काही नव्हतं असंही नाही. चौलमुग्राचं तेल होतं. त्याच जातीचं झाड आपल्या सह्याद्रीत आहे, कडू कवठ. त्याच्या बियांचं तेल आपल्याकडेही कुष्ठरोगावर वापरत. जपानमध्ये १८७० च्या दशकात गोतो मासाफुमी आणि त्यांचा मुलगा मासानाओ या डॉक्टर बापलेकांनी तोक्योत कुष्ठरोगाचं खाजगी रुग्णालय चालवलं. औषधी काढ्यांनी स्नान, पोटात औषधं, सकस आहार अशी त्यांची पद्धत. धाकटे गोतो हवाईलाही गेले. मोलोकाईवर कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्या आणि पुढे त्याच रोगाने गेलेल्या फादर डेमियन यांचा त्यांच्या उपचारांवर मोठा विश्वास होता. रोग मुळापासून जात नव्हता, हे खरं. पण ‘हा रोग डॉक्टरने हाती घेण्यासारखा आहे’ एवढी भावना जपानमध्ये सरकारी कायद्याच्या कितीतरी आधी होती.

आता मित्सुदा केन्सुके. जन्म १८७६, यामागुची प्रांतातला. विद्यापीठाची रीतसर पदवी नाही. खाजगी वैद्यकीय शाळेत शिकून सरकारी परीक्षा दिली, मग तोक्यो विद्यापीठात विकृतिशास्त्र शिकले आणि १८९८ मध्ये तोक्योच्या अनाथ-दरिद्री आश्रमात नोकरीला लागले. या आश्रमाचे प्रमुख होते उद्योगपती शिबुसावा एइइची. तिथे इतर निराधारांच्या गर्दीत कुष्ठरुग्णही पडलेले असत. कोणी डॉक्टर त्यांना हात लावायला तयार नसे. मित्सुदांनी हात लावला. त्यांच्यासाठी वेगळा कक्ष मागून घेतला आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनं करून एकेक अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्या काळात ही धमक फार थोड्यांकडे होती आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पुढे १९०९ पासून तोक्योजवळच्या झेन्सेई रुग्णालयात आणि १९१४ पासून तिथले संचालक.

त्यांच्या नावाची चाचणी १९१९ ची. ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जंतूंनी खच्चून भरलेली गाठ रुग्णाच्या त्वचेतून काढायची. ती उकळून जंतू मारायचे. खलात घोटायची, मलमलीतून गाळायची, टिकावी म्हणून थोडं फिनॉल घालायचं. हे झालं लेप्रोमिन. त्यातलं ०.१ मिलिलिटर हाताच्या पुढच्या भागावर त्वचेच्या आतल्या थरात टोचायचं. सुई अगदी उताणी धरली तरच छोटा पांढरट फुगवटा येतो. तो आला नाही तर औषध खाली उतरलं, चाचणी वाया. आमच्या शिकाऊ दिवसांत यावरून पुष्कळ बोलणी खाल्लेली आहेत. मग थांबायचं. दोन-तीन दिवसांनी येणारी लाली हा वेगळा प्रकार, तिला दुसऱ्या शास्त्रज्ञाचं नाव आहे. मित्सुदांची प्रतिक्रिया तीन ते चार आठवड्यांनी वाचायची. टोचल्या जागी टणक गाठ आली तर होकारार्थी, काहीच नाही आलं तर नकारार्थी.

परीक्षेत हमखास चुकणारी गोष्ट: या चाचणीने कुष्ठरोगाचं निदान होत नाही. ज्याच्या अंगात जंतूंचा सुळसुळाट आहे, गाठी आहेत, कानाच्या पाळ्या जाडावल्या आहेत, त्याची चाचणी नकारार्थी येते. ज्याला एखादाच बधिर चट्टा आहे त्याची ठणठणीत होकारार्थी. शरीर या जंतूशी लढू शकतं की नाही, एवढंच ती सांगते. आजचं टीटी (प्रतिकारशक्ती चांगली, जंतू थोडे) ते एलएल (प्रतिकारशक्ती नाही, जंतू भरपूर) हे वर्गीकरण याच जाणिवेवर उभं आहे.

आणि निरोगी माणसांचं काय? मित्सुदांचे सहकारी हायाशी फुमिओ यांनी ही चाचणी मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आणि १९३३ मध्ये इंग्रजीत मांडली, तेव्हाच ती जगभर गेली. कुष्ठरोग नसलेल्या बहुतेक प्रौढांमध्ये ती होकारार्थी येते. याचा सरळ अर्थ काढा. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूला थोपवण्याची ताकद आहे. शिवाय रुग्णांमध्येही ज्यांची चाचणी होकारार्थी ते जवळपास कोणालाच रोग देत नाहीत. रुग्णालयांतले डॉक्टर, परिचारिका, स्वयंपाकी वर्षानुवर्षं रुग्णांमध्ये वावरत होते आणि त्यांना रोग लागत नव्हता, हेही डोळ्यांसमोर होतं.

याच काळात मित्सुदा सरकारला काय सांगत होते? सगळ्या रुग्णांना, चट्टा एक असो की शंभर, घरदार असो की नसो, उचलून बेटावर न्या आणि कायमचं ठेवा. १९३१ च्या कायद्याने ते झालं. सेतो अंतर्देशीय समुद्रातल्या नागाशिमा बेटावर १९३० मध्ये पहिलं राष्ट्रीय कुष्ठरुग्णालय स्थापन झालं, मित्सुदा त्याचे पहिले संचालक. मार्च १९३१ मध्ये झेन्सेईहून ८१ रुग्ण सोबत घेऊन ते तिथे गेले. बेट आणि किनारा यांच्यामधलं पाणी इतकं अरुंद की पलीकडची घरं दिसतात. पूल मात्र झाला १९८८ मध्ये.

मग ‘आमचा प्रांत कुष्ठमुक्त’ अशी मोहीम प्रांताप्रांतात सुरू झाली. शेजाऱ्याने पोलिसांत खबर द्यायची, पोलिसांनी येऊन रुग्णाला न्यायचं, मागे राहिलेलं घर पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी जंतुनाशक फवारून पांढरंफटक करायचं. गावाला आणखी काही सांगायची गरजच नाही. बहिणींची लग्नं मोडली, कुटुंबांनी गावं सोडली. रुग्णांसाठी वेगळे डबे जोडत. त्या गाडीला रुग्ण चेष्टेने सम्राटाची खास गाडी म्हणत.

आत गेल्यावर जवळचे पैसे काढून घेत आणि त्या रुग्णालयातच चालणारी नाणी देत, म्हणजे पळून गेला तरी गाडीभाडं द्यायला काही नको. १९१६ पासून संचालकांना शिक्षा देण्याचा अधिकार होता. कुसात्सूच्या रुग्णालयातली १९३८ ची कोठडी कुप्रसिद्ध आहे; बर्फाळ डोंगरात, शेकोटीविना, तिथे माणसं मेली. १९१५ पासून मित्सुदांनी झेन्सेईमध्ये पुरुषांची नसबंदी सुरू केली. लग्न करून एकत्र राहायचं तर आधी शस्त्रक्रिया. त्या वेळी याला कायद्याचा कसलाही आधार नव्हता. तो १९४८ मध्ये मिळाला. आणि हे सगळं अशा रोगासाठी, जो आनुवंशिक नाही हे करणाऱ्यालाच सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

इतिहासकार ज्या एका गोष्टीवर फारसे थांबत नाहीत, तिथे मी थांबणार आहे, कारण ती माझ्या कामाची आहे. काम. या रुग्णालयांत पैसा कमी होता, म्हणून जवळपास सगळी कामं रुग्णच करत. लाकूड तोडणं, दगड वाहणं, रस्ते बांधणं, कपडे धुणं, बँडेज धुऊन पुन्हा गुंडाळणं, जास्त आजारी रुग्णांची रात्रंदिवस शुश्रूषा. आता कुष्ठरोगाने अधू झालेला हात म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. कोपराजवळची नस जाड झालेली, करंगळी आणि अनामिका वाकलेली, तळव्याला संवेदना नाही. अशा हातात कुऱ्हाड दिली की फोड येतो. फोड दुखत नाही म्हणून माणूस काम थांबवत नाही. फोड फुटतो, जखम होते, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, बोट आखूड होतं. लोकांना वाटतं रोगाने बोटं ‘झडली’. जंतू बोटं खात नाही. हात-पाय जपायला शिकवणं, मऊ रबराच्या एमसीआर चपला, पाण्यात भिजवून तेल लावणं, हे आमचं निम्मं काम असतं ते याचसाठी. नागाशिमाच्या जुन्या रुग्णांचे हातपाय पाहून जग ‘किती भयंकर रोग’ म्हणालं. त्यातला मोठा वाटा रुग्णालयाने करवून घेतलेल्या मेहनतीचा होता.

१९३६ मध्ये नागाशिमाचे रुग्ण संपावर गेले. मंजूर जागेपेक्षा कितीतरी जास्त माणसं भरली होती आणि खर्च तेवढाच. आणि तरीही, हे सांगितलंच पाहिजे, पुष्कळ रुग्ण मित्सुदांना वडील मानत. ते रात्री-अपरात्री रुग्णाजवळ जात, जखमा स्वतः पाहत. रुग्णालय म्हणजे एक मोठं कुटुंब आणि मी त्याचा कर्ता, असं ते म्हणत. ते ढोंग नव्हतं असंच मला वाटतं. अशा माणसाला विरोध करणं रुग्णांना आणि हाताखालच्या डॉक्टरांना जास्त जड जातं. ओगावा मासाको या त्यांच्या हाताखालच्या डॉक्टर, खेड्यापाड्यांत फिरून रुग्णांना बेटावर यायला राजी करत. त्यांच्या आठवणी १९३८ मध्ये छापल्या गेल्या, तुफान खपल्या, त्यावर चित्रपट निघाला आणि विलगीकरण हे करुणेचं काम आहे अशी लोकांची खात्रीच झाली. त्या स्वतः १९४३ मध्ये क्षयाने गेल्या. बाई मनाने स्वच्छ होत्या.

आता दुसरा मार्ग. ओगासावारा नोबोरु, जन्म १८८८, आइची प्रांतातल्या एका बौद्ध मंदिराच्या घराण्यातले आणि स्वतःही भिक्षू. आजोबा मंदिरात कुष्ठरुग्णांना ठेवून औषधोपचार करत, नातू ते पाहत वाढला. क्योतो विद्यापीठात डॉक्टर झाल्यावर त्यांनी कुष्ठरोगाचा बाह्यरुग्ण विभाग चालवला. रुग्ण येत, तेलाचं इंजेक्शन घेत, जखमा बांधून घेत आणि घरी जात. काहींना भरती करावं लागे, बरं वाटलं की सोडत. १९३१ मध्ये, म्हणजे नेमका तो कायदा झाला त्याच वर्षी, त्यांनी कुष्ठरोगाविषयीच्या तीन अंधश्रद्धांवर लेख लिहिला: हा रोग बरा होत नाही, हा आनुवंशिक आहे, हा जबरदस्त संसर्गजन्य आहे. त्यांचं म्हणणं, जंतू सगळ्यांपर्यंत पोचतो, रोग थोड्यांनाच होतो, आणि ते थोडे कोण हे शरीराच्या घडणीवर आणि पोषणावर ठरतं. शेतकऱ्यांचं खाणं सुधारा, रोग आपोआप हटेल. ‘घडण’ या कल्पनेवर त्यांनी जरा जास्तच भर दिला हे खरं. पण मित्सुदांच्या चाचणीतून जे निघत होतं ते याच दिशेने जात होतं.

त्यांची एक युक्ती मला फार आवडते. निदान कुष्ठरोग असं लिहिलं की कळवणं भाग, आणि कळवलं की पोलीस दारात. म्हणून ते कागदावर दुसराच एखादा आजार लिहीत. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांनाही हे नवीन नाही. मुलीचं लग्न ठरायचं आहे, कार्डावर तेवढं लिहू नका साहेब, ही विनवणी ज्याने ऐकली नाही असा कुष्ठरोग तंत्रज्ञ महाराष्ट्रात सापडणार नाही.

१९४१ मध्ये ओसाकाच्या कुष्ठरोग परिषदेत त्यांना घेरलं गेलं. हा रोग सांसर्गिक आहे की नाही, एका शब्दात सांगा, असा पेच टाकण्यात आला. सांसर्गिक तर आहेच, जंतू आहे म्हटल्यावर. पण त्यांचा मुद्दा ‘किती’ हा होता आणि तो ऐकायला सभागृहात कोणी तयार नव्हतं. वर्तमानपत्रांनी त्यांना चीत केल्याच्या थाटात बातम्या दिल्या. ते क्योतोला परतले आणि रुग्ण तपासत राहिले, १९४८ मध्ये निवृत्त होईपर्यंत. पुढे आमामी बेटावरच्या सरकारी रुग्णालयातही काही वर्षं काम केलं. १९७० मध्ये वारले.

ते अगदीच एकटेही नव्हते. तोक्यो विद्यापीठातले ओता मासाओ, बुरशीवरच्या संशोधनासाठी जगात नावाजलेले आणि किनोशिता मोकुतारो या नावाने कविता लिहिणारे, हेही म्हणत की या रोगाचा निकाल लागेल तो रासायनिक औषधाने, कोंडून ठेवून नव्हे. औषध जपानमध्ये येण्याआधीच, १९४५ मध्ये ते गेले.

कोरियाची गोष्टही सांगायला हवी. तिथे जपानी राजवटीत सोरोक्तो बेटावर १९१६ मध्ये कुष्ठरुग्णालय निघालं. दुसरे संचालक हानाई झेन्किची. रुग्णांवर आधीपासून लादलेली जपानी कपड्यांची आणि चालीरीतींची सक्ती त्यांनी सैल केली, त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे वागू दिलं. १९२९ मध्ये ते वारले तेव्हा कोरियन रुग्णांनी आपणहून त्यांचं स्मारक उभारलं. १९३३ मध्ये सुहो मासासुए आले. इमारती, धक्का, बाग सगळं रुग्णांच्या घामावर उभं केलं, स्वतःचा पुतळा उभारला आणि रुग्णांना ठरल्या दिवशी त्याला वंदन करायला लावलं. २० जून १९४२ रोजी अशाच एका वंदनाच्या दिवशी एका रुग्णाने त्यांना भोसकून मारलं. बेट तेच, राजवट तीच, रोग तोच. संचालक कोण, यावर इतकं अवलंबून होतं. तेव्हा ‘काळच तसा होता’ हे मला फारसं पटत नाही.

तरीही १९४३ पर्यंत मित्सुदांना संशयाचा फायदा देता येईल. त्यानंतर नाही. त्या वर्षी अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयातून प्रोमिन या नव्या, खरोखर गुण देणाऱ्या औषधाचे निकाल प्रसिद्ध झाले. युद्धामुळे जपानला उशिरा कळलं, पण १९४६ मध्ये तोक्योत इशिदाते मोरिझो यांनी प्रोमिन तयार केलं आणि रुग्णांच्या गाठी विरघळू लागल्या. रुग्णांनी औषधासाठी उपोषणं केली. आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीपुढे तीन रुग्णालयांचे संचालक साक्षीला गेले: मित्सुदा, हायाशी योशिनोबु आणि मियाझाकी मात्सुकी. गाठी विरघळताना तिघांनीही पाहिल्या होत्या. तरी मागणी काय, तर विलगीकरण आणखी कडक करा. मित्सुदा तर बेड्या घालून आणण्यापर्यंत गेले. १९५३ चा नवा कायदा त्याच वळणाचा झाला आणि १९९६ पर्यंत टिकला. आपल्याकडे डॅप्सोनच्या गोळ्या घरोघरी वाटल्या जात होत्या तेव्हा, आणि १९८० च्या दशकात एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र उपचार, आली तेव्हाही, जपानमध्ये तो कायदा पुस्तकात होताच. ११ मे २००१ ला कुमामोतोच्या न्यायालयाने रुग्णांच्या बाजूने निकाल दिला आणि सरकारने अपील केलं नाही. २०१९ मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांनाही न्याय मिळाला.

यातल्या मियाझाकींचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. निवृत्तीनंतर ते भारतात आले आणि जपानी लोकांच्या देणग्यांतून १९६० च्या दशकात आग्र्याला कुष्ठरोग केंद्र उभं केलं. तेच आजचं ‘जालमा’. १९७६ मध्ये ते भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेकडे आलं. कुमामोतोत रुग्णांना भिंतीआड ठेवणारे मियाझाकी आग्र्यात रुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पाठवत होते. त्यांचं मत बदललं की फक्त देश बदलला, हे ठरवायला मला जमलेलं नाही. जून १९७२ मध्ये दिल्लीजवळ जपान एअरलाइन्सचं विमान कोसळलं, त्यात ते गेले.

सेमिनारसाठी म्हणून विचारत असाल तर मित्सुदा प्रतिक्रियेचं नाव बदला वगैरे मागणी करू नका. चाचणी त्यांचीच आहे आणि उत्तम आहे. त्यांची स्लाइड झाली की पुढची ओगासावारांची ठेवा, आणि दोन्हींच्या मध्ये हायाशी फुमिओंनी निरोगी माणसांवर केलेल्या चाचण्यांचा निष्कर्ष लिहा. परीक्षक विचारतील की आज लेप्रोमिन का वापरत नाहीत. उत्तर: निदानाला उपयोग नाही, वर्गीकरण चट्ट्यांवरून, नसांवरून आणि स्मिअरवरून (त्वचेतला द्राव काचेवर घेऊन जंतू पाहणं) होतं, आणि एमडीटीची पहिली मात्रा पोटात गेली की रुग्ण इतरांना रोग देण्याचं जवळजवळ थांबतो.